रोहूच्या कण्याखालची लाल पट्टी

आरमोरीच्या बाजारात मासोळीची ओळ डोळ्यांआधी नाकाला सापडते. वैनगंगा जवळ, मामा (माजी मालगुजारी) तलाव त्याहून जवळ, त्यामुळे रोहू, कतला, मरळ, वाम, झिंगे असं सगळं शेजारीशेजारी मांडलेलं असतं. ओळीच्या टोकाला, समुद्रापासून आठ-नऊशे किलोमीटरचा प्रवास करून आलेले सुके बोंबील आणि सुकटीचे ढीग. झाडीबोलीत ळ नाही, त्यामुळे इथे मासोळीची मासोरी होते आणि तळ्याचं तरं.

मी मामांसाठी रोहू घ्यायला गेलो होतो. मामांना वर्षभरापूर्वी किडनीचा जुनाट आजार निघाला आणि त्या दिवसापासून त्यांच्या घरात रस्सा शिजलेला नव्हता. कुणीतरी सांगितलं होतं, "मासे बंद." नदीकाठी जन्मलेल्या, आयुष्यभर भात आणि मासोळीवर वाढलेल्या माणसाला दोन शब्दांत इतकं मोठं सांगून टाकलं होतं. नंतर मामांचे ताजे रिपोर्ट घेऊन आहारतज्ज्ञ बाईंशी नीट बोलणं झालं. त्यांनी मासे बंद केले नाहीत, मोजून दिले. म्हणून मी त्या ओळीत उभा होतो.

मासोळी विकणाऱ्या मावशींनी पावशीवर पाय दाबला. (विळीला आमच्याकडे पावशी म्हणतात.) हाताला राख लावून दीड किलोचा रोहू धरला आणि शेपटीकडून डोक्याकडे खवले काढले, अर्धे त्यांच्या मनगटालाच चिकटले. मग पोट चिरलं. पहिल्यांदा त्यांनी दोन बोटांच्या चिमटीत एक हिरवट काळी, बोराएवढी पिशवी अलगद धरली, देठापासून तोडली आणि लांब टाकली. मग आतडी. मग पांढरा, चकचकीत हवेचा फुगा. तो फुगा निघाला तशी त्याच्यामागे कण्याला चिकटलेली, डोक्यापासून शेपटीकडे गेलेली एक गडद लाल पट्टी दिसली. मावशींनी ती अंगठ्याच्या नखानं खरवडून काढली, वर तांब्याभर पाणी ओतलं.

"हे काय होय, मावशी?"

"रगत होय जी. हे नाही काढलं त रस्सा वास मारते."

ती पट्टी म्हणजे रोहूची किडनी. आमच्या घरातल्या प्रत्येक बाईनं आयुष्यात शेकडो वेळा ती नखानं खरवडली असेल. मामांच्या ज्या अवयवामुळे मासोळी बंद झाली होती, तोच अवयव त्या मासोळीच्या पोटातून निघून नालीत वाहून जाताना मी पाहिला. त्यानंतर या दोन किडन्यांचं नातं शोधल्याशिवाय मला चैन पडेना.

मासा पाण्यात असतो म्हणजे सुखात असतो, असं आपल्याला वाटतं. पण गोड्या पाण्यातला मासा जन्मभर आतून बुडत असतो. त्याच्या रक्तात मीठ आहे, वैनगंगेच्या पाण्यात जवळजवळ नाही. भिजत घातलेला हरभरा जसा पाणी ओढून फुगतो, तसं कल्ल्यांच्या नाजूक पडद्यातून पाणी सतत त्याच्या अंगात शिरत राहतं. त्यानं तोंडानं घोटभरही पाणी प्यायलं नाही तरी शिरतं. हे पाणी उपसलं नाही तर मासा फुगून मरेल. म्हणून त्याच्या कण्याखाली ती लाल पट्टी दिवसरात्र उपसा करत असते. गोड्या पाण्यातले काही मासे दिवसभरात स्वतःच्या वजनाच्या दहाव्या हिश्श्याहूनही जास्त लघवी करतात, आणि ती जवळजवळ नुसतं पाणी असते. मीठ किडनी वाटेतच परत ओढून घेते, आणि तरीही जे हरवतं ते कल्ल्यातल्या खास पेशी नदीच्या पाण्यातून वेचून आणतात.

समुद्रातल्या बांगड्याची गत नेमकी उलटी. मिठात घातलेल्या कैरीला जसं पाणी सुटतं, तसं त्याच्या अंगातलं पाणी बाहेर जायला बघतं. तो समुद्र पितो, जास्तीचं मीठ कल्ल्यांतून फेकतो आणि लघवी अगदी जपून करतो. समुद्रातल्या काही जातींनी तर किडनीतल्या गाळण्याच टाकून दिल्या. पाणी गाळून फेकायचंच नाही तर गाळणी कशाला? न्यूयॉर्कचे शरीरशास्त्रज्ञ होमर स्मिथ यांना अशा माशांनी वेड लावलं होतं. १९५३ साली त्यांनी 'फ्रॉम फिश टू फिलॉसॉफर' नावाचं पुस्तक लिहिलं आणि त्यात मांडलं, की आपल्या किडनीची ही गाळण्यांची रचना मुळात गोड्या पाण्यातल्या पूर्वजांनी पाणी उपसण्यासाठी घडवली. पाठीचा कणा असलेले पहिले प्राणी समुद्रातच जन्मले असावेत, असं आता बहुतेक अभ्यासक मानतात, त्यामुळे स्मिथ यांचं सगळं म्हणणं टिकलं नाही. पण आपल्या किडनीकडे पाहिलं की तो जुना उपसा अजून ओळखू येतो.

आपल्या दोन किडन्या मिळून दिवसाला सुमारे १८० लिटर पाणी रक्तातून गाळतात. पाण्याच्या वीस लिटरच्या नऊ कॅन रोज. शरीरातलं रक्ताचं सगळं पाणी, म्हणजे तीनेक लिटर, दिवसातून साठ वेळा गाळलं जातं. आणि त्या १८० लिटरमधून बाहेर किती पडतं? दीड-दोन लिटर. बाकी सगळं बारीक नळ्यांमधून थेंबाथेंबानं परत घेतलं जातं. घर आवरायला आधी सगळं सामान अंगणात आणून टाकावं आणि मग हवं ते एकेक उचलून पुन्हा आत न्यावं, तशी ही रीत आहे. जमिनीवर राहणाऱ्या, तहानेची भीती असलेल्या प्राण्यानं शून्यातून यंत्र बनवलं असतं तर असं बनवलं नसतं, असं मला वाटतं. ही भरमसाट गाळण्याची सवय पाण्यातल्या आयुष्याची आठवण आहे. तिच्यावर आपण जमिनीवर आल्यावर एक नवी करामत चढवली: किडनीच्या आतल्या भागात खोल उतरून पुन्हा वर येणारी नळी, जिच्यामुळे लघवी रक्ताहून दाट करून पाणी वाचवता येतं. माशाला ही करामत जमत नाही. त्याला तिची गरजही नाही.

इथे आमच्या जिल्ह्याची एक गोष्ट या कथेत येऊन मिळते. गडचिरोली-चंद्रपूरकडे सिकलसेल हा शब्द कुणाला समजावून सांगावा लागत नाही. आशाताईंपासून शाळकरी पोरांपर्यंत सगळ्यांना तो माहीत आहे. १ जुलै २०२३ ला देशपातळीवरचं सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झालं, त्याच्या कितीतरी आधीपासून इथल्या घरांत तो पिढ्यानपिढ्या चालत आला आहे. या आजारात ऑक्सिजन कमी पडला की लाल पेशी विळ्यासारख्या वाकतात. किडनीचा तो सर्वांत आतला भाग, जिथे नळी खोल उतरते, शरीरातल्या सर्वांत खारट आणि ऑक्सिजन कमी असलेल्या जागांपैकी एक. पेशी तिथेच आधी वाकतात, तिथल्या बारीक रक्तवाहिन्या बंद पडतात, आणि सिकलसेल असलेल्या लेकराची लघवी दाट करण्याची ताकद लहानपणीच ओसरू लागते. ते पोरगं रात्री तीनदा उठतं, सारखं पाणी मागतं. जमिनीवर आल्यावर मिळालेली करामत हरवते आणि किडनी पुन्हा माशासारखं पातळ पाणी सोडू लागते. पुढे काहींच्या गाळण्याही खराब होतात. सिकलसेलच्या दुखण्यावर किंवा धानाच्या रोवण्याच्या दिवसांत कंबर धरली म्हणून दुकानातून परस्पर घेतलेल्या वेदनाशामक गोळ्या त्यात भर घालतात. माझ्या मते आमच्या भागात किडनीच्या रुग्णाच्या ताटातल्या माशापेक्षा त्याच्या खिशातल्या गोळीची चौकशी आधी व्हायला हवी.

मावशींनी त्या पट्टीला रक्त म्हटलं, ते माझ्या डोक्यातून जाईना. मग समजलं, की माशांची किडनी फक्त गाळत नाही. माशाचं रक्तही मुख्यतः तिथेच तयार होतं. आपल्या हाडांतल्या मगजात जे काम चालतं, ते रोहूच्या त्या लाल पट्टीत चालतं. माणसात रक्त बनवायचं काम हाडांकडे गेलं, पण हुकूम किडनीकडेच राहिला. रक्तात ऑक्सिजन कमी झाला की किडनी एरिथ्रोपोएटिन नावाचं संप्रेरक सोडते आणि मगज लाल पेशी बनवू लागतो. किडनी थकली की हा हुकूमच जात नाही. मामांचं हिमोग्लोबिन का उतरलं, जिना चढताना त्यांना धाप का लागते, याचं उत्तर तिथे आहे. लोहाच्या गोळ्या घेऊनही काही किडनीच्या रुग्णांना हेच संप्रेरक सुईनं द्यावं लागतं, ते याचसाठी.

कल्ल्यांची गोष्ट तर याहून मोठी आहे. आपण मांस-मासे-डाळ काहीही खाल्लं, की त्यातल्या प्रथिनांच्या मोडतोडीतून नायट्रोजनचा विषारी कचरा निघतो. माणूस त्याचा युरिया करतो आणि किडनीतून बाहेर टाकतो. मासा इतकी यातायात करत नाही. त्याचा अमोनिया कल्ल्यांच्या पातळ पडद्यातून थेट पाण्यात निघून जातो. कल्ल्यात रक्त एका दिशेनं वाहतं आणि पडद्यापलीकडचं पाणी उलट दिशेनं. दोन प्रवाह उलटे असले की शेवटपर्यंत देवाणघेवाण चालू राहते, कुठेच दोन्ही बाजू सारख्या होऊन थांबत नाही. आता नागपूरला डायलिसिसच्या खोलीत जाऊन ती प्लॅस्टिकची नळकांडी जवळून बघा. आत केसाएवढ्या हजारो पोकळ नळ्या, त्यांतून एका दिशेनं रुग्णाचं रक्त, बाहेरून उलट्या दिशेनं शुद्ध केलेलं द्रावण, मध्ये पातळ पडदा. युरिया पडद्यातून पलीकडे जातो. १९४३ साली नेदरलँड्सच्या कांपेन गावात, जर्मन ताब्याच्या दिवसांत, विलेम कोल्फ या डॉक्टरनं सॉसेजच्या सेलोफेन नळ्या लाकडी ढोलावर गुंडाळून पहिली चालणारी कृत्रिम किडनी बनवली. तिला पुढे सुधारत सुधारत माणूस ज्या आकाराला पोचला, तो रोहूच्या कल्ल्यात कोट्यवधी वर्षांपासून आहे. किडनी निकामी झालेल्या माणसाला आपण आठवड्यातून दोन-तीन वेळा चार चार तास कल्ला उसना देतो.

आणि एक गोष्ट अशी, की ती वाचल्यावर मी पुस्तक मिटून काही वेळ नुसता बसलो. आपल्या प्रत्येक किडनीत सरासरी दहाएक लाख गाळण्या असतात, आणि त्या सगळ्या आईच्या पोटातच, नऊ महिने भरण्याआधी तयार होऊन जातात. त्यानंतर एकही नवी होत नाही. गेलेली गेली. म्हणूनच निम्म्याहून जास्त गाळण्या जाईपर्यंत माणसाला काही जाणवत नाही, आणि जाणवतं तेव्हा परतीची वाट नसते. पण झेब्राफिश नावाचा बोटाच्या पेराहून थोडा मोठा, अंगावर निळे पट्टे असलेला मासा आयुष्यभर नव्या गाळण्या बनवत राहतो. किडनी औषधानं खराब केली तरी काही आठवड्यांत नव्या गाळण्या फुटतात. जगभरच्या प्रयोगशाळांत, काचेच्या टाक्यांत तो पोहतो आहे आणि माणसाची किडनी पुन्हा फुटवता येईल का, याचा शोध त्याच्यावर चालू आहे. मूळचा तो आपल्याच उपखंडाचा. ओढ्यानाल्यांत, धानाच्या बांधीतल्या साचलेल्या पाण्यात राहणारा.

आता मामांचं ताट.

आजार डायलिसिसपर्यंत गेलेला नसेल तर किडनीवर कचऱ्याचा भार कमी पडावा म्हणून प्रथिनं मोजून खायची असतात. किडनीच्या आजारावरच्या २०२४ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना सांगतात, वजनाच्या प्रत्येक किलोमागे दिवसाला ०.८ ग्रॅम. मामांचं वजन ५५ किलो, म्हणजे ४४ ग्रॅम. मामीनं आणि मी चुलीजवळ बसून हिशोब मांडला. दिवसभरात २५० ग्रॅम तांदूळ: १७-१८ ग्रॅम प्रथिनं. धानाच्या मुलखात भाताचा हा वाटा कुणी मोजतच नाही! ४० ग्रॅम तुरीची डाळ: ९. चहातलं दूध: ३. भाजीपाला: ४. बेरीज ३४ च्या आसपास. उरले १०. ताज्या रोहूच्या शंभर ग्रॅम मांसात १७ ते १९ ग्रॅम प्रथिनं असतात. म्हणजे साठेक ग्रॅमची एक तुकडी बसते. त्या दिवशी डाळ नाही केली तर दोन.

"मंग बंद काहून केली होती?" मामी म्हणाली.

या प्रश्नावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. भात-डाळीवर जगणाऱ्या माणसाचे मासे तोडले, की त्याच्या ताटातली सर्वांत चांगली प्रथिनं जातात. भूक आधीच मेलेली असते, मग दंड उतरतात, पाय काडीसारखे होतात. किडनीच्या आजारात कुपोषण ही काही लहान गोष्ट नाही. डायलिसिस सुरू झालं की मग हिशोबच उलटतो. त्या नळकांड्यातून कचऱ्यासोबत प्रथिनांचे कणही धुऊन जातात, म्हणून रुग्णाला किलोमागे १ ते १.२ ग्रॅम, म्हणजे मामांच्या वजनाच्या माणसाला ५५ ते ६६ ग्रॅम लागतात. तेव्हा मासा वाढवावा लागतो. एकाच घरात, एकाच माणसासाठी, दोन वर्षांच्या अंतरानं 'कमी खा' आणि 'जास्त खा' असे दोन्ही सल्ले खरे असू शकतात. म्हणून शेजारच्या किडनीवाल्याचं पथ्य आपल्या घरात आणू नये. मात्र डायलिसिसवर असताना पाणी मोजून प्यायचं असतं, आणि रस्सा हेही पाणीच. पेजही पाणीच. तुकडी घ्यावी, रस्सा वाटीच्या तळाशी ठेवावा.

प्रथिनांच्या मागोमाग फॉस्फरस येतो. माशाच्या शंभर ग्रॅम मांसात तो दोन-अडीचशे मिलिग्रॅम असतो. चांगली किडनी जास्तीचा फॉस्फरस रोज बाहेर टाकते; थकलेली टाकत नाही. तो रक्तात साठला की अंगाला खाज सुटते, हाडं ठिसूळ होतात, आणि हाडात असायचा चुना रक्तवाहिन्यांच्या भिंतींत जाऊन बसतो. म्हणून काही रुग्णांना जेवणाच्या घासाबरोबरच घ्यायची गोळी देतात. ती अन्नातला फॉस्फरस आतड्यातच बांधून ठेवते. जेवण झाल्यावर तासाभरानं घेतली तर ती कशाला बांधणार?

माशाच्या अंगात फॉस्फरस सर्वांत जास्त असतो काट्यांत. काटा म्हणजे चुना आणि फॉस्फरसच. रोहूचे काटे आपण वेचून टाकतो, पण तळलेल्या बारीक मासोळ्या आपण कुरकुरीत, काट्यांसकट चावून खातो. गरोदर बाईला, वाढत्या पोराला त्या अमृत. मामांनी त्यांना हात लावू नये. मोठ्या माशाची तुकडी घ्यावी, काटा काढावा. तुकड्या लहान करून भरपूर पाण्यात उकळल्या आणि ते पाणी फेकलं, तर फॉस्फरस आणि पोटॅशियम दोन्हींचा काही भाग निघून जातो. चव थोडी जाते. मामीनं त्यावर लसूण, सांबार (म्हणजे कोथिंबीर) आणि मिरीचं वाटण वाढवून तोड काढली. जवसाचं दाट वाटण मात्र चमचाभरच.

सुकटीचं दुखणं वेगळं. ताज्या बोंबलात दहातल्या नऊ हिश्श्यांच्या आसपास पाणीच असतं. उन्हात ते उडालं की मागे जे उरतं ते प्रथिनं, फॉस्फरस आणि क्षार. मूठभर सुकट म्हणजे कितीतरी ताज्या माशांचा अर्क. वर तो मासा खारवलेला असेल तर मीठही. किडनीच्या रुग्णाला दिवसभरात सगळं मिळून ५ ग्रॅम मीठ, म्हणजे चहाचा एक सपाट चमचा. खाऱ्या माशाच्या दोन तुकड्यांत तो कधी संपला ते कळतही नाही. पाण्यात भिजवून ठेवलं तर मीठ थोडं उतरतं, सगळं नाही. पावसाळ्यात भाजी महागली की आमच्याकडे सुकटीवरच घरं चालतात, हे मला माहीत आहे. म्हणूनच सांगतो, ती घरच्यांसाठी शिजू दे, रुग्णाचं ताट त्या दिवशी वेगळं ठेवा.

झिंगे ताजे असतील तर प्रथिनांच्या हिशोबात बसतात. युरिक ॲसिड वाढलेलं असेल, अंगठ्याचा सांधा सुजत असेल, तर टाळावेत. पण शहरातल्या गोठवलेल्या झिंग्यांच्या पाकिटावर एकदा बारीक अक्षरं वाचा. ४५१, ४५२ असे आकडे दिसले तर ते फॉस्फेटचे क्षार आहेत. झिंगा पाणी धरून टपोरा दिसावा म्हणून त्यात बुडवून काढतात. माशाच्या अंगचा फॉस्फरस आतडं निम्म्याच्या आसपास शोषतं, हा वरून घातलेला जवळजवळ सगळाच. आरमोरीच्या ओळीतल्या राखाडी, उड्या मारणाऱ्या झिंग्याला निदान असलं काही लावलेलं नसतं.

मिठाच्या बाबतीत दोन गोष्टी झटकन सांगतो. 'कमी सोडियमचं मीठ' म्हणून जे मिळतं त्यात पोटॅशियम क्लोराइड असतं, आणि थकलेल्या किडनीत पोटॅशियम साठलं तर हृदय बंद पडू शकतं. सैंधव हेही शेवटी सोडियमचंच मीठ. मग रश्शाला चव यावी कशानं? आंबटानं. पण चिंचेचा घट्ट कोळ पोटॅशियमनं भरलेला असतो, म्हणून तो पातळ आणि बेतानं. कमरख मात्र किडनीच्या रुग्णाच्या ताटात, चटणीत, सरबतात कुठेच नको. त्या पाच कोन्यांच्या सुंदर फळात मेंदूवर चढणारं विष असतं, निरोगी किडनी ते सहज टाकते, आजारी किडनी टाकू शकत नाही. न थांबणारी उचकी, भ्रम, झटके, आणि काही जण दगावलेही आहेत. कोकण-गोव्यात माशाच्या कढीत पडणारी बिंबलं चवीपुरती ठीक, पण केरळात कोलेस्टेरॉल उतरावं म्हणून त्यांचा दाट रस प्यायलेल्या माणसांच्या किडन्या ऑक्झॅलेटच्या खड्यांनी भरून बंद पडल्याची नोंद डॉक्टरांनी केली आहे. आणि मासा, झिंगा, बांधीतला खेकडा, काहीही असो, आतपर्यंत शिजलेलं हवं. निखाऱ्यावर अर्धवट भाजलेलं चालणार नाही. या आजारात अंगाची लढण्याची ताकद कमी झालेली असते.

आता ती हिरवट काळी पिशवी, जी मावशींनी सर्वांत आधी काढून लांब टाकली होती.

ती रोहूच्या पित्ताची पिशवी. फुटली तर मासा कडू होतो, एवढंच बहुतेकांना माहीत असतं. पण रोहू, कतला, मृगल, गवत्या या सगळ्या कार्प कुळातल्या माशांच्या पित्तात सायप्रिनॉल नावाचं द्रव्य असतं. बाजारात ज्या माशाला आपण सायप्रिनस म्हणतो, त्याच्याच नावावरून हे नाव पडलं. आपल्या पित्तात आम्लं असतात. या माशांनी पित्ताची त्याहून जुनी घडण जपून ठेवली आहे. त्यांना त्यानं काही होत नाही. माणसानं ते कच्चं गिळलं तर काही तासांत उलट्या, जुलाब, पोटात पिळवटणं सुरू होतं. मग बरं वाटतं. आणि दोन-तीन दिवसांनी लघवी आटत जाते, डोळे पिवळे पडतात. आधी धडधाकट असलेल्या माणसाची किडनी अशी बसते. वेळेवर डायलिसिस मिळालं तर बहुतेकांची काही आठवड्यांत पुन्हा चालू होते. बंगालपासून चीन, व्हिएतनामपर्यंत अशा रुग्णांची नोंद आहे. हे विष शिजवून मरत नाही, दारूतही मरत नाही.

आणि माणसं ते चुकून गिळत नाहीत. मुद्दाम गिळतात. शुगर उतरते, नजर सुधारते, दमा जातो, कडू आहे म्हणजे औषधच, असं कुणीतरी सांगितलेलं असतं. शुगरनं किडनी आधीच दुखावलेला माणूस शुगर उतरावी म्हणून तेच पित्त गिळतो, याहून वाईट गाठ मला तरी माहीत नाही. कुणी गिळलंच असेल, तर उलट्या थांबल्या म्हणून घरी बसू नये. त्याच दिवशी दवाखान्यात न्यावं आणि काय खाल्लं ते स्पष्ट सांगावं. 'जेवण बाधलं' एवढ्यावर डॉक्टरला ते कळणार नाही.

त्या संध्याकाळी मामांनी एक तुकडी खाल्ली. बोटांनी काटे एकेक वेचून ताटाच्या कडेला रांगेत मांडले आणि भाताचा शेवटचा घास होईपर्यंत कुणाशी बोलले नाहीत.

पुढच्या बाजाराला मी पुन्हा त्या ओळीत गेलो. मावशींना म्हटलं, "ती लाल पट्टी रगत नाही मावशी, किडनी होय मासोरीची."

त्यांनी मान वर केली. "अन् पित्ताले मागते कोणी कोणी," त्या म्हणाल्या. "शुगरवर पाहिजे म्हणते. मी नाही देत. कडू चीज कायले द्या कोणाले."

मी सांगितलं, बरं करता, ते विष आहे. आणि त्या पट्टीचंही पुरं सांगितलं: ती पाणी उपसते, आणि मासोरीच्या अंगातलं रगत तिच्यातच तयार होते.

"मंग रगतच झालं नं जी," मावशी म्हणाल्या, आणि राखेत हात बुडवून त्यांनी पुढचा रोहू धरला.